मिशांआडचं बोलणं

मी मूळचा पिरंगुटाजवळच्या रिहे गावचा. भाताच्या खाचरातच वाढलो. शाळा दुसरीपर्यंत, तीबी पुरी न्हाई. गुरुजींनी मारलं म्हणून पाटी तितंच टाकून घरी आलो, ती आणायला परत गेलो न्हाई. आमच्या घराण्यात हट्ट पहिल्यापासून.

माझी नात तनू आता चौथीत हाय. मागून कितीबी हाका मारा, वळायची न्हाई. मी गावभर मिरवायचो, पोरगी माझ्यावर गेलीय, कुणाच्या हाकेला ओ देत न्हाई. मग शाळेतले गुरुजी म्हणाले, आबा, हिचं ध्यान नसतं, हिला पुण्याच्या वेगळ्या शाळेत ठेवा, तितं ऱ्हायची सोय हाय. मी म्हणलं, पोरगी घर सोडून जाणार न्हाई. आन् त्यांच्याशी बोलणंच टाकलं. सून मातुर रोज रडायची.

तेवढ्यात तालुक्यावरनं एक बाई आल्या, कमी ऐकणाऱ्या, हळू शिकणाऱ्या पोरांना कसं शिकवायचं ते मास्तर लोकांना शिकवायला. त्यांनी तनूला दवाखान्यात तपासून आणलं. म्हणाल्या, हिला थोडं कमी ऐकू येतं, ही समोरच्याचे व्हट बघून समजून घेती. काय सांगू तुम्हाला, एवढा मिरवलेला हट्ट म्हणजे पोरीचं दुखणं निघालं! लई लाज वाटली.

बाईंनी मलाच मास्तरांपुढं उभं केलं. सगळ्यांच्या हातात घायपाताचा वाख, म्हंजी पानातनं काढलेले धागे, दिला आन् म्हणाल्या, आबा, यांना दोरी वळायला शिकवा, पण भिंतीकडं तोंड करून. मी बोलत गेलो, एकाचीबी दोरी धड व्हईना. आमचे गुरुजीच वराडले, आबा, हिकडं वळा की, काय कळंना! मी म्हणलं, तुमी फळ्याकडं बघून शिकवता, तवा माझ्या नातीचं हेच हुतं.

गुरुजींनी हातातला वाख खाली ठेवला. मग म्हणाले, चुकलं आबा, तनू हितंच शिकंल. मी मिशीवर ताव दिला. तर बाईंजवळ बसलेली तनू म्हणती, आबा, तुमचेबी व्हट दिसत न्हाईत, मिशा मधी येत्यात. सगळ्यात जास्त हसले ते गुरुजीच.

वडील वारले तवा एकदा मिशा काढल्या, त्यानंतर कात्री लावू दिली न्हाई. दुसऱ्या दिवशी पिरंगुटला गेलो. न्हावी घाबरून म्हणतो, आबा, घरात कोण गेलं वो? म्हणलं, कोण न्हाई रं बाबा, माझी नात गावच्या शाळेत ऱ्हायली, तू काढ.

आता तनूला कानाचं मशीन मिळालंय, बसती पहिल्या बाकावर. गुरुजी फळ्याकडं वळले की तोंड मिटत्यात. परवा अंगणात हाक मारली, ही जागची हलंना. जवळ जाऊन इचारलं, ऐकू आलं न्हाई व्हय गं? म्हणती, आलं की, पण मी खेळतीया.

म्हणजे माझ्यावरच गेलीय. देव तिला सुखात ठेवो.