ऑर्डर नसलेली म्हैस

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा सुलाबाई मोहिते, व्यासपीठावरील पतसंस्थेचे संचालक, सत्कारमूर्ती जिनपाल मगदूम, भाग्यश्रीवहिनी आणि खुर्च्या कमी पडल्या तरी तक्रार न करता मागं उभे राहिलेले माझे उंब्रजकर,

मी वाजिद पेंटर. मला पाच मिनिटं दिली आहेत. मगदूमांनी पतसंस्थेत इमानेइतबारे नोकरी केली, आज ते निवृत्त होताहेत, हे आधीचे चार वक्ते सांगून गेले. मी दुसरंच बोलणार आहे. मी या माणसावर जळतो. हसू नका, खरंच जळतो.

तुमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या मागे दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि हंसांची जोडी दिसते ना? ती माझी. तीस वर्षं तेच. एकदा या धनाजीच्या ट्रॉलीवर मी माझ्या मनानं म्हैस काढली, पाण्यात बसलेली. तो म्हणाला, "आरं, म्हस गोठ्यात हाय की! हंस काढ गड्या." मी म्हशीवर रंग फिरवला आणि हंस काढले. गिऱ्हाईक म्हणेल ते काढायचं, त्यावरच माझं घर चालतं.

आणि हे मगदूम! रविवारी सकाळी नदीवर जायचं, वाटेल ते काढायचं, नाही आवडलं तर फाडायचं. फाडायचं! माझ्या नशिबात कधी आलं हो हे सुख?

वीस वर्षांपूर्वी ते चित्रांची गुंडाळी घेऊन दुकानात आले. "वाजिदभाई, तुमी धंद्यातली माणसं. खरं सांगा, नोकरी सोडू का? ह्याच्यावर भागंल का?" पहिलंच चित्र म्हशीचं. तिच्या ओल्या पाठीवरचं ऊन बघून मी हातातला ब्रश खाली ठेवला. आणि बोललो काय? "हात बरा हाय, पण बाजारात चालणार न्हाई."

अध्यक्षबाई, ते खोटं होतं. निव्वळ हेव्यापोटी बोललो. मला वाटलं, आता यांचं चित्र काढणं सुटेल. मगदूमांनी गुंडाळी बांधली, चहा घेतला आणि पुढच्या रविवारी पुन्हा नदीवर! मग तर मी जास्तच जळालो.

ती चूक निस्तरायची म्हणून परवा दुकानाच्या अर्ध्या भिंतीवर झकास अक्षरात रंगवलं, 'जिनपाल मगदूम, चित्रकार. ऑर्डर घेतल्या जातील.' इथं सगळ्यांसमोर जाहीर करणार होतो. आज सकाळी त्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि स्वतःलाच विचारलं, वाजिद, हे त्यांच्या भल्यासाठी, का त्यांच्याही वाट्याला आता हंस यावेत म्हणून? डबा उघडला आणि सरळ पांढरा रंग मारला. अजून ओला आहे, जाताना हात लावू नका.

मगदूम, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आज देतो. चाललं असतं. लय चाललं असतं. यापुढं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, भिंत तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय. माझी मागणी एवढीच, येत्या रविवारी मलाही नदीवर न्या. कागद माझा मी आणीन. म्हैस बिघडली, तर मला ती फाडू द्या.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. आनंदाच्या कार्यक्रमात नको ते बोललो असेन, तर आपला माणूस समजून पोटात घाला.

आणि धनाजी, ट्रॉली सोमवारी आण रं. रविवारी दुकान बंद आहे.