आपण चुकलो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या पाळकीणबाई, उपासनेत शास्त्रपाठ वाचणारे आपले वाचकसाहेब, महिला मंडळाच्या भगिनी, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणारे माझे सर्व बंधू-भगिनी, सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

जाऊबाई उद्या सकाळी लेकीकडे राहायला जाणार आहेत, कायमच्या. महिला मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी मागेच सोडलं, आणि आमच्या लाँड्रीची किल्ली काल माझ्या सुनेच्या हातात दिली. मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. घरात सांगायला गेले की त्या नळ सोडून भांडी घासायला लागतात. इथे नळ नाही, म्हणून मी आज भाषण मागून घेतलं.

पाळकसाहेब म्हणाले, ‘विश्वासातली वाढ’ हा विषय धरून बोला. आता विश्वासात वाढ होते म्हणजे नेमकं काय वाढतं? उंची मोजता येते, वजन तर न मोजताही दिसतं. हसू नका, मी माझ्याबद्दल बोलतेय. ही वाढ मी मोठ्या सभांमध्ये फारशी पाहिली नाही. आमच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलापाशी पाहिली, म्हणून तिथलंच सांगते.

आमचं दुकान खाली आणि घर वर. मागे धुण्याची यंत्रं, पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीची दोन टेबलं. खिडकीपाशी उजेड चांगला, म्हणून ते टेबल अर्थातच थोरल्यांचं. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर, भाकरी-द्राक्षारसाखाली अंथरतात तो पांढरा कपडा आमच्याकडेच धुवायला येतो. एका शनिवारी त्याला इस्त्री चालू असताना वरून सासूबाईंनी हाक मारली आणि पुढे गिऱ्हाइकानं घंटी वाजवली. एक जाऊ वर धावली, दुसरी पुढे. परत आलो तर कपड्याच्या मधोमध इस्त्रीचा तांबूस ठसा! इस्त्री कपड्यावर कोणी टेकवून ठेवली? त्या म्हणाल्या, “तू.” मी म्हटलं, “तुम्ही.” ते कोडं आजही सुटलेलं नाही.

झालं, आमचं बोलणं बंद. साबण संपला तर त्या मला सांगायच्या नाहीत, गिऱ्हाइकाला सांगायच्या, “साबण संपलाय, पण लक्ष द्यायला वेळ आहे कुणाला?” ते बिचारं शर्ट न्यायला आलेलं! सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि दोघींचे निरोप त्यांच्यामार्फत. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, “मी काय पोस्टमन आहे का गं?”

आणि रविवारी काय? रविवारी आम्ही एकाच बाकावर, चेहरे अगदी धुतल्या तांदळासारखे. महिला मंडळात प्रार्थनेचे विषय विचारले की जाऊबाई म्हणायच्या, “आमच्या घरात एकीला नम्रता मिळावी, म्हणून प्रार्थना करा.” मग मी उठायची, “आमच्या घरात एकीला खरं बोलायचं धैर्य मिळावं.” देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून आम्ही एकमेकींवर गोळ्या झाडत होतो. तुम्ही सगळ्या ‘आमेन’ म्हणायच्या आणि घरी जाऊन तेच चघळत बसायच्या. भगिनींनो, खोटं सांगतेय का?

मग सासूबाईंनी हट्ट धरला, प्रार्थनासभा माझ्या खोलीत घ्या. वाचकसाहेब चालवायला आले. सगळ्यांचे डोळे मिटलेले. जाऊबाईंची पाळी आली. त्यांची प्रार्थना सुरू झाली की भाताच्या कुकरची शिटी होईपर्यंत चालायची, पण त्या दिवशी दोन शब्दांत आटोपली. म्हणाल्या, “आपण चुकलो. आमेन.”

वाचकसाहेब पडले भाषेचे मास्तर. त्यांना राहवेना. “बाई, देवाला सांगताना ‘आम्ही चुकलो’ म्हणावं. ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही त्यात आला. देव कसा चुकेल?” सगळे हसले. बघा, आत्ताही वाचकसाहेब हसतायत. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, “देवाला कुठे म्हटलं? मी हिला म्हटलं.”

मी डोळे उघडले. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मला माहीत असलेल्या सगळ्या प्रार्थना डोळे मिटून केलेल्या, ही एकच डोळे उघडे ठेवून केलेली. सासूबाई अंथरुणातून जोरात ‘आमेन’ म्हणाल्या. आणि मी काय म्हटलं? “चहा टाकते.”

आता कुणाला वाटेल, त्या दिवसापासून आमच्या घरात स्वर्ग उतरला. छे! दुसऱ्या दिवशी चांगली इस्त्री त्यांनीच पटकावली. पण पुढे एकदा मी इस्त्री चालू ठेवून काउंटरवर गेले. परत आले तर ती बंद करून उभी ठेवलेली, आणि जाऊबाई शर्टाची बटणं लावत होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. ज्यांना त्यांची जीभ ठाऊक आहे, त्यांना कळेल की डोंगर हलणं याहून सोपं. पाळकसाहेब, मी वाढ बघितली ती एवढीच, आणि मला ती पुरली. हळूहळू मीही नम्रता मागताना स्वतःचं नाव घ्यायला लागले. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात एक पाठ धरायची, दुसरी चादर बदलायची, आणि कोण काय करणार हे विचारावंही लागायचं नाही. प्रभुभोजनाचा तो डागाळलेला कपडा बदलायचं निघालं तेव्हा जाऊबाईच नको म्हणाल्या. आजही भाकरीचं ताट त्या डागावर ठेवतात.

मूळ गोष्टीवर येते. परवा मी धुतलेल्या चादरी घेऊन जिना चढत होते. जाऊबाई लेकीशी फोनवर बोलत होत्या, “येते मी. इथे आता माझी गरज नाही गं.” मी तिथेच पायरीवर बसले. माझे मिस्टर म्हणाले, “नातंच ‘जाऊ’, ती जाऊच म्हणणार.” एरवी मी हसले असते. मला रडू आलं.

जाऊबाई, आता तुमच्याशी बोलते. लेकीच्या ओढीनं जात असाल तर आनंदानं जा, बॅग मी उचलते. पण गरज नाही म्हणून जात असाल तर ऐका. गरज खरंच नाही. सून इस्त्री सुरेख करते, गिऱ्हाइकांशी तुमच्यापेक्षा गोड बोलते. मंडळाला नव्या अध्यक्ष मिळाल्या. तुमच्यावाचून दुकानाचं अडणार नाही, चर्चच्या मंडळीचं अडणार नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही अडणार नाही. तरी तुम्ही मला हव्या आहात. घरातलं माणूस काय फक्त गरजेपुरतं असतं?

ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचे आभार. घरातलं चव्हाट्यावर मांडलं, काही कमी-जास्त बोलले, ते पदरात घ्या. निरोप द्यायला उभी राहिलेली बाई वाटच अडवून बसली, त्याबद्दल अध्यक्षसाहेबांनी मोठ्या मनानं क्षमा करावी. जाऊबाई, सकाळचं तिकीट रद्द होतं. मी स्टेशनवर जाऊन विचारून आले आहे.

सर्वांना सलाम.