तिसरा मजला

हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर सासूबाईंना भेटायला आलेली सून उभी होती. पुढे संगणक विभागातले दोघे दबक्या आवाजात बोलत होते.

“संगणकातल्या यादीत तिसरा मजला नव्या इमारतीखाली न्यायचा होता ना? मग नुसती वरची जोडणी बदलायची!”

“मी मजला काढून पुन्हा घातला.”

“डोकं गहाण ठेवलं होतंस? मजल्याखाली वॉर्ड, वॉर्डाखाली खाटा, खाटांखाली पेशंट. वरचं काढलं की खालचं सगळं पुसलं जातं!”

“पण मजला दिसतोय की.”

“रिकामा दिसतोय! कोणाला कुठलं औषध चालत नाही, तेही गेलं.”

“बॅकअप आहे ना?”

“चढवायला तास लागेल. सिस्टरांना सांगितलंस?”

“आधी तुलाच सांगतोय.”

“अहो,” सून मध्येच म्हणाली, “तिसऱ्यावर माझ्या सासूबाई आहेत. त्यांना पेनिसिलिन चालत नाही.”

दोघेही वळले. “इंजेक्शनं कधी देतात?”

“आत्ता!” म्हणत ती जिन्याकडे धावली.