साठ मिलिमीटरचे आठ स्क्रू

पुरवणी जबाब, दिनांक ०८/०३/२०२५

मी, महेंद्र दगडू रोकडे, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी (टर्नर, वागळे इस्टेट येथील कारखान्यात), शिक्षण आठवी, राहणार दुसरा मजला, कळवा पूर्व, ठाणे, आज कोणी बोलावले नसताना स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी दर्शना, वय ४९, असे दोघे राहतो. ती घरी ब्लाऊज शिवते. दि. ०४/०३ रोजी सकाळी ७.४० वाजता ती स्वयंपाकघरात चहाचा डबा काढत असताना भिंतीवरचे लाकडी कपाट भिंतीतून निघून तिच्या अंगावर पडले. तिचे उजवे मनगट मोडले असून त्यात प्लेट घातली आहे. डावा खांदा निखळला होता, तो बसवला आहे.

याबाबत दि. ०५/०३ रोजी मी जबाब दिलेला आहे. कपाट सुतार धाकू कान्हा नाखवा यांनी बसवले व १०० मिमीच्या जागी ६० मिमीचे स्क्रू वापरले, असे मी त्यात सांगितले. ही मापे बरोबर आहेत. भिंतीतून निघालेले स्क्रू मीच व्हर्निअरने मोजून दिले होते. त्यानंतर हवालदार साहेबांनी मला विचारले, "नाखवा म्हणतो, स्क्रू तुम्हीच आणून दिले. खरं का?" मी म्हणालो, नीटसे आठवत नाही. ते खोटे होते. मला सगळे आठवते. ते पुढीलप्रमाणे.

जानेवारी महिन्यात मी या कामासाठी तीन सुतार घरी बोलावले. प्रत्येकाच्या हातात माझा गुण्या (काटकोन) दिला आणि स्वयंपाकघराचा कोपरा तपासायला सांगितले. पहिला म्हणाला, बरोबर आहे. दुसऱ्याने गुण्या लावलाच नाही. नाखवा यांनी लावला, एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणाले, "दादा, तुमची भिंत दारू पिऊन उभी हाय. वरती चार सूत बाहेर." मी आधी मोजले होते, ते साडेचार सूत (१४ मिमी) होते. काम त्यांना दिले. ते खाडीलगत राहतात. वडील होड्या दुरुस्त करायचे, त्यांच्याकडेच ते काम शिकले. मीही वाचून आणि बघून शिकलेला माणूस आहे, त्यामुळे आमचे जमेल असे मला वाटले. कपाटाचे ड्रॉइंग मी स्वतः काढले. त्यांनी त्यात एक मिलिमीटरही चूक केली नाही.

कपाट टांगायची भिंत हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली आहे. हलक्या ब्लॉकची, गिलाव्यासह ९५ मिमी. नाखवा यांनी बोटाने ठोकून पाहिले आणि सांगितले, "या भिंतीला जीव नाय. आरपार बोल्ट टाकू, हॉलच्या बाजूला लोखंडी पट्टी देऊ. होरीला आमी तसंच करतो. खिला पलीकडं काढून दुमडायचा, मग दर्या पण काय करीत नाय."

हॉलची ती भिंत मी दिवाळीत स्वतः पुट्टी करून, तीन हात देऊन रंगवली होती. तिच्यावर एक रेघ दिसत नाही. मी म्हणालो, "धाकूभाऊ, हे किचन आहे, होडी नाही. इथे पाणी शिरत नाही." ते म्हणाले, "पाणी नाय शिरत, भांडी शिरतात." यावर पत्नी हसली. मी हसलो नाही.

पट्टीला मी नकार दिल्याने त्यांनी १०० मिमीचे आठ स्क्रू आणले. दि. ०७/०२ रोजी संध्याकाळी पहिलेच भोक पाडताना हॉलच्या बाजूने रुपयाएवढा पोपडा उडाला. मी काम थांबवले. आठही स्क्रू त्यांच्याकडून घेऊन दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरवर टोकाकडून घासले. सर्व ६० मिमी, फरक दोन दशांशाच्या आत. टोकांना पुन्हा अणी काढली. काम सुबक झाले होते. एका डबीत घालून ते मी घरी पत्नीला दाखवले.

६० पैकी १८ मिमी प्लायमध्ये जातो, १२ मिमी गिलाव्यात. ब्लॉकमध्ये ३० मिमी उरतो. हा हिशोब मला त्या दिवशीही करता येत होता.

दि. ०९/०२, रविवारी, नाखवा यांनी डबी उघडून पाहिली व असे स्क्रू लावणार नाही म्हणाले. मी त्यांना बोललो की घर माझे आहे, ड्रॉइंग माझे आहे, तुम्हाला जमत नसेल तर दुसरा बोलावतो. ते थोडा वेळ दारात उभे राहिले. मग लावले. लावून झाल्यावर मी कपाटाला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवले. माझे वजन ७१ किलो आहे. कपाट हलले नाही. मी म्हणालो, "बघा." ते म्हणाले, "आज धरलं, दादा. रोज धरायला पायजे." जाताना त्यांनी पत्नीला सांगितले, "वहिनी, यात पापड ठेवा, कुरडया ठेवा. जड काय ठेवू नका." ते गेल्यावर पितळेची भांडी आणि मिक्सर मी त्यात ठेवले. पत्नी नको म्हणत होती.

कपाट पडले त्या सकाळी मी नाखवा यांना फोन केला, तो ओरडण्यासाठी. ते दहा मिनिटांत रिक्षा घेऊन आले. पत्नीला त्यांनी आणि मी खाली उतरवले.

माझ्या पहिल्या जबाबानंतर सोसायटीच्या ग्रुपवर नाखवा यांना इमारतीत काम देऊ नये असा मेसेज आला. आमच्याच इमारतीतील दोन घरांनी त्यांचे ठरलेले काम काढून घेतले. मेसेज मी वाचला. उत्तर लिहिले नाही.

काल संध्याकाळी दवाखान्यात पत्नीने मला विचारले, "अहो, स्क्रूची डबी मला दाखवलीत, ते पोलिसांना सांगितलंत का?" मी तिच्यासाठी आणलेला डबा उघडू लागलो. ती म्हणाली, "उद्या माझा जबाब घ्यायला येणार आहेत. या हातानं सही करता येत नाही, डावा अंगठा देईन. पण खोट्यावर नाही देणार." त्यानंतर तिने तोंड भिंतीकडे केले. तिने विचारले नसते तर मी आज आलो असतो का, हे मला सांगता येत नाही.

तरी स्क्रूंची लांबी कमी करण्याचे, पट्टी नाकारण्याचे व जड वस्तू ठेवण्याचे काम माझे आहे. नाखवा यांनी तिन्ही वेळा मना केले होते. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. माझ्याविरुद्ध जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

धाकू नाखवा यांना आज चौकशीसाठी बोलावलेले असल्याने ते बाहेर बाकावर बसलेले आहेत. मी आत येताना त्यांच्याकडे पाहिले नाही. हा जबाब त्यांच्यासमोर वाचावा अशी मी विनंती केली. तशी पद्धत नाही, असे मला सांगण्यात आले. म्हणून माझ्या विनंतीवरून खोलीचे दार उघडे ठेवून तो मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला असून खरा आहे.

सही
महेंद्र दगडू रोकडे