सावंतकाकांचं यस

चूक सावंतकाकांची, वयाचा मान वगैरे नंतर बघू. खारीगावाजवळच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात मी पॅकिंगला आणि काका वर ऑफिसात जुने कारकून. कॉलेज सोडलेल्याला वर कोण बसवणार? म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून एक्सेलचा मॅक्रो शिकलो. बटण दाबलं की दिवसभराच्या मालाची चलनं आपोआप तयार.

शेठ म्हणाला, "शाम को दिखा. चल गया, तो कल से ऊपर बैठ."

वर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शेवटचं तपासत होतो तेवढ्यात टेम्पो आला. फाइल उघडी टाकून माल भरायला धावलो. परत येईपर्यंत काकांनी ती सेव्ह करून बंद केलेली. शेठसमोर बटण दाबलं, काही हललं नाही. आतला प्रोग्रामच उडालेला.

"काका, सेव्ह करताना काय विचारलं कॉम्प्युटरने?"

"इंग्रजीत होतं कायतरी. मी यस केलं."

"मॅक्रो काढून सेव्ह करू का, हेच विचारत होतं ते!"

"मग मला काय माहीत? मी आपला कामाला कधी नो म्हणत नाही."

मी शेठकडे दोन दिवस मागितले, परत लिहितो म्हटलं.

"छोड, तेरे से नहीं होगा."

वरच्या त्या खुर्चीत आता काकांचा भाचा बसतोय. मी अजून पॅकिंगलाच आहे.