तीर्थाची मरळ

नाही म्हणते ना, वकीलीणबाई — ती मरळ कळशीत घालून शहाद्याला न्यायची नाही! त्या खात्या भोयानं धरून दिली म्हणून काय झालं, तो मासे धरणारा माणूस, मागितली तर मगरसुद्धा धरून देईल. काय म्हणता, काचेच्या हंडीत सोडणार? मुंबईच्या त्या लाल माशांना सोबत म्हणून? अय माय! अहो, ती सोबतच गिळते. तुमच्याच आळीतल्या निर्मलाबाईंनी नेली होती ना — संध्याकाळी सहा लाल मासे, सकाळी एकटी मरळ, पोट हे एवढं! अन् हंडीवर झाकण नाही, तर टुणकन उडी मारून थेट देवघरात. मरते कुठली, ती वर येऊन हवा पिणारी जात. त्यांच्या सासूबाईंना वाटलं, मत्स्यावतार झाला — हळदकुंकू वाहायला वाकल्या, तर शेपटीचा असा फटका बसला की नथ कोनाड्यात! मग निर्मलाबाई इथं घाटावर येऊन मन्हा नावानं ओरडल्या, आठ दिवस माशांना घालायची कणकेची एक गोळी खपली नाही. आज एकादशी, टोपलीभर गोळ्या वळल्यात, संध्याकाळी आंबतील — आज ओरडाआरडा नको, बाई.

माझ्या नावानं का? आता... त्यांना वाटलं, प्रकाशा गावची मासोळी, तीर्थाची, गोळ्यांवर वाढलेली, ती कशाला मांस खाईल. वाटलं म्हणजे — मीच म्हटलं असेल. गोळ्या विकायच्या तर चार शब्द बोलावे लागतात! ‘घ्या माय, तापीच्या मासोळ्या उपाशी शेतस, दोन गोळ्या टाका.’ पण मरळ काही गोळीला तोंड लावत नाही हो. ती दगडाआड लाकडासारखी पडून असते. तुम्ही गोळी टाकता, बारकी मासोळी गोळीला जमते, की ही — गपकन! बारकीनं गोळी खायची अन् हिनं बारकीला. एकादशीला तर हिची दिवाळी, तुम्ही बठा, सगळेच उपाशी अन् ही —

हसता काय? सोडा आधी तिला... हां, अशी. गेली बघा, सुटले मी.

ओ दादा! ओ पाव्हणं! गोळ्या परत टोपलीत का टाकता? मी या बाईंशी बोलत होते, तुमच्याशी नाही! अहो माय, तुम्ही तरी... तुम्हीसुद्धा?

जा, वकीलीणबाई. जा तुम्ही आता.