फक्त तूच राहिलायस

उमेळ्याच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघं चुलत भावंडं उभी होती.

"क्षितिजा, लॉकडाऊनमधला तो किल्ल्यांचा ऑनलाइन गेम आठवतो?"

"आठवतो ना. आम्ही चौघांनी तुला घेरलं होतं. तरी जिंकलास कसा, प्रणव?"

"लढलोच नाही. चौघांनाही गुपचूप एकच मेसेज टाकला. बाकीचे तिघं मला येऊन मिळालेत, फक्त तूच राहिलायस."

"मला वाटलं, खरंच सगळे गेले."

"सगळ्यांनाच वाटलं. एकमेकांना कोणी विचारलंच नाही."

"हलकट आहेस. बरं, तुम्ही आजोबांची वाडी विकायला तयार झालात ना?"

"आम्ही? कोण म्हणालं?"

"बिल्डरचा माणूस. काका तयार आहेत, आत्या तयार आहे, फक्त तुमच्यामुळे अडलंय म्हणाला."

"आमच्याकडे येऊन म्हणाला, तुम्ही तयार आहात. आत्या पण."

"शकूआत्याला विचारलं का कोणी?"

"कोण विचारणार? आत्या वाडी विकायला निघाली म्हणून पप्पांनी तिच्याशी बोलणंच टाकलंय."

"आमच्या बाबांनी पण."

बस आली. रांग पुढे सरकली, ती दोघं हलली नाहीत. प्रणव मागे माझ्याकडे वळला.

"काका, तुम्ही व्हा पुढे. आम्हाला एक फोन करायचाय."